गुडघा वाचेल का? पाय काढण्याची शस्त्रक्रिया समजून घेताना

"पाय काढावा लागेल" असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "दुसरा काही इलाज नाही का?" प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो फार थोडे लोक विचारतात: "कुठून काढणार? गुडघा राहील का?" रुग्ण पुढे कृत्रिम पाय लावून बाजारात जाईल की घरातल्या घरात अडकेल, हे बऱ्याच अंशी या दुसऱ्या उत्तरावर ठरतं.

अवयवविच्छेदन म्हणजे हाताचा किंवा पायाचा भाग शरीरापासून वेगळा करणं. बहुतेक वेळा हाड मध्येच कापलं जातं, कधी हाड न कापता सांध्यातून भाग सुटा करतात. एखादं बोट किंवा पावलाचा पुढचा भाग काढणं ही लहान शस्त्रक्रिया मानतात, घोट्याच्या वर गेलं की मोठी. बोलताना आपण "पाय कापला" म्हणतो, आणि त्यामुळे सगळं लक्ष गेलेल्या भागाकडे जातं. सर्जनचं खरं कौशल्य मात्र उरलेल्या भागात दिसतं. वजन पेलेल, दुखणार नाही, सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाच्या खोबणीत) नीट बसेल असा स्टंप, म्हणजे उरलेला खुंट, घडवणं हे या शस्त्रक्रियेचं अर्धं काम आहे.

पाय का काढावा लागतो?

कारणं अनेक दिसली तरी मुळात तीनच आहेत. अवयव मेलेला आहे. किंवा अवयव अजून पूर्ण मेलेला नाही, पण त्याच्यातला जंतुसंसर्ग किंवा कर्करोग माणसाचा जीव घेईल. किंवा अवयव जिवंत आहे, पण वेदना, विकृती आणि वारंवार होणाऱ्या जखमांमुळे तो असण्यापेक्षा नसलेला बरा.

आपल्याकडे पाय जाण्यामागे सर्वांत जास्त दिसतो तो मधुमेह. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा, म्हणजे संवेदना नेणारे मज्जातंतू, बधिर होतात. चपलेत खडा गेला, गरम पाण्यात पाय भाजला, तरी कळत नाही. त्याच वेळी गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या अरुंद आणि कडक होत जातात, त्यामुळे झालेली जखम भरायला लागणारं रक्त पोहोचत नाही. त्यात जंतू शिरले की तळव्यातल्या कप्प्यांतून पू घोट्याकडे चढतो. वरून लहानसं छिद्र आणि आत अख्खं पाऊल पोखरलेलं, असं चित्र नेहमी दिसतं. मधुमेहामुळे पाय गमावणाऱ्या दहापैकी आठांहून जास्त जणांच्या बाबतीत सुरुवात पायावरच्या एका न भरणाऱ्या जखमेपासून झालेली असते. म्हणजे पाय वाचवायची वेळ ती जखम लहान असतानाची.

दुसरा मोठा गुन्हेगार तंबाखू. बर्जर नावाच्या आजारात ४५ वर्षांच्या आतल्या, बहुधा विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात. आधी चालताना तळवा किंवा पोटरी भरून येते, मग रात्री झोपेतही बोटं ठणकतात, मग बोटाचं टोक काळं पडतं. या आजारावर सर्वांत परिणामकारक उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला दोन विड्यांवर आणून चालत नाही. ज्यांनी ती खरोखर सोडली त्यांचे पाय बहुधा राहतात. ज्यांनी सोडली नाही त्यांचं आधी बोट, मग पाऊल, मग पाय असं टप्प्याटप्प्याने जात राहतं.

अपघातांत रस्ते आणि रेल्वे आहेतच. शेतात कडबाकुट्टी, मळणीयंत्र आणि उसाचा चरक हात खेचून घेतात. उच्च दाबाच्या तारेचा झटका बसला तर बाहेरची जखम छोटी असते आणि आत हाडाजवळचे स्नायू शिजलेले असतात. याशिवाय दोन कारणं अशी आहेत की ती पूर्णपणे टाळता येतात. एक, साप चावल्यावर मांडीला किंवा दंडाला करकचून बांधलेली दोरी. रक्तपुरवठा तुटून पाय मरू शकतो आणि विष रोखल्याचा भरवसा काहीच नाही. अवयव हलू न देता लगेच रुग्णालय गाठणं हाच प्रथमोपचार. दुसरं, मोडलेल्या हाताला किंवा पायाला हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या लावून आवळलेला बांध. आत सूज वाढते, बांध सैल होत नाही आणि स्नायूंतला दाब वाढून रक्त थांबतं. वेदना तासागणिक वाढत असेल, बोटं हलवून पाहताना रुग्ण ओरडत असेल, बोटं बधिर होत असतील तर बांध तिथल्या तिथे कापून टाकावा. प्लास्टर असेल तरीही. स्नायू सहा तासांच्या आसपास मरायला लागतात, सकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो.

हाडाच्या कर्करोगात पूर्वी पाय काढणं हाच नियम होता. आता केमोथेरपी देऊन फक्त गाठ असलेलं हाड काढायचं आणि धातूचं हाड बसवायचं, हे बहुतेक रुग्णांत शक्य होतं. तिथे पाय काढायची वेळ येते ती गाठ मुख्य नसा आणि रक्तवाहिन्यांना वेढून बसली असेल तेव्हा.

कोरडं गँगरीन आणि ओलं गँगरीन

गँगरीन म्हणजे अवयवाचा भाग मरून जाणं. ते कोरडं की ओलं, हा फरक घरच्यांना कळला पाहिजे, कारण घाई किती करायची ते यावर ठरतं. कोरड्या गँगरीनमध्ये बोट काळं, सुकलेलं, आकसलेलं दिसतं. वास नसतो, ताप नसतो, जिवंत आणि मेलेल्या कातडीच्या मध्ये स्पष्ट रेघ तयार होते. इथे रक्तवाहिन्यांची तपासणी करायला वेळ मिळतो. ओल्या गँगरीनमध्ये पाय सुजतो, फोड येतात, पाणी आणि पू वाहतो, दुर्गंधी येते, ताप चढतो. जंतूंचं विष रक्तात मिसळू लागलं की रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, रुग्ण बरळतो. ही तातडीची वेळ आहे. "नातेवाईक गावाहून आले की सांगतो" असं म्हणण्यात गेलेला दिवस गुडघा घेऊन जाऊ शकतो, कधी जीवसुद्धा. कातडीखाली बोटाने दाबल्यावर करकर जाणवली तर आत वायू तयार करणारे जंतू आहेत. तिथे प्रश्न तासांचा असतो.

कुठून कापायचं, हे कसं ठरतं?

डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या भागाच्या जरा वर कापलं की झालं, असं नसतं. कापलेली जागा भरून यायला तिथे पुरेसं रक्त हवं. म्हणून आधी घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. दंडाचा वरचा दाब १४० आणि घोट्याचा ५६ असेल तर गुणोत्तर ०.४ येतं, म्हणजे रक्तपुरवठा गंभीरपणे तुटलेला. ०.९ च्या खाली काहीही असलं तरी आजार आहे. मधुमेहात मात्र एक फसगत होते. कडक झालेल्या रक्तवाहिन्या पट्ट्याने दबतच नाहीत आणि गुणोत्तर १.४ किंवा त्याहून जास्त दिसतं. ते चांगलं समजू नये. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर पावलावरची जखम भरायची आशा कमी.

रुग्ण तापाने फणफणलेला नसेल तर कापण्याआधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं मत घ्यावं, हा आग्रह धरावा. अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त खाली आणता आलं, तर जिथे अर्धा पाय जाणार होता तिथे दोन बोटांवर निभावू शकतं. पू साचला असेल तर क्रम उलटा: आधी पू मोकळा करायचा, मग रक्तवाहिनी उघडायची.

गुडघ्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर चालण्याला लागणाऱ्या ताकदीत आहे. अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पायाने चालताना साधारण २५ टक्के जास्त ऊर्जा लागते. गुडघ्यावरून गेला असेल तर सुमारे ६८ टक्के. रक्तवाहिन्यांच्या आजाराचा वयस्क रुग्ण असेल तर हेच आकडे ४० आणि १०० टक्क्यांच्या आसपास जातात. पासष्टीच्या, हृदय आधीच थकलेल्या माणसाकडे दुप्पट ऊर्जा आणायची कुठून? म्हणून गुडघ्यावरून पाय गेलेले अनेक वृद्ध कृत्रिम पाय कोपऱ्यात ठेवून चाकांच्या खुर्चीत बसतात.

तरीही हट्टाने खाली कापून घेण्यात अर्थ नाही. रक्त नसलेल्या जागी कापलं तर जखम उघडते, पुन्हा वर कापावं लागतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भुलीत रुग्ण खचतो. तसंच, आधीपासून अंथरुणाला खिळलेला, गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडलेला रुग्ण असेल तर गुडघा वाचवून उपयोग नसतो. वाकलेला स्टंप गादीवर घासून जखमा होतात.

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

आदल्या दिवशी रुग्ण जागा असताना, त्याच्याशी बोलून, काढायच्या पायावर न पुसणाऱ्या पेनाने खूण करतात. ती झाली आहे का, आणि संमतिपत्रात पाय उजवा की डावा आणि कुठून काढणार हे लिहिलं आहे का, ते घरच्यांनी पाहावं. बऱ्याचदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करूनच काम होतं.

गुडघ्याखालच्या शस्त्रक्रियेत नडगीचं हाड गुडघ्याच्या सांध्यापासून साधारण १२ ते १५ सेंटिमीटर खाली कापतात. फार आखूड ठेवलं तर सॉकेटला पकड मिळत नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध जिथे नडगीला चिकटतो तो उंचवटा तर राहायलाच हवा, नाहीतर गुडघा सरळच करता येत नाही. फार लांब ठेवलं तर खालच्या भागात स्नायू कमी आणि कातडी पातळ, त्यामुळे गादी मिळत नाही. नडगीची पुढची कडा तिरपी तासून गुळगुळीत करतात, कारण तीच कडा पुढे सॉकेटवर दाबली जाते. शेजारचं बारीक हाड आणखी एक-दोन सेंटिमीटर वर कापतात. हे राहून गेलं तर ते बाहेरच्या बाजूने टोचत राहतं.

पुढची कातडी आखूड आणि मागची लांब ठेवतात, कारण पोटरीच्या बाजूला रक्तपुरवठा चांगला असतो. मागचा स्नायू आणि कातडी पुढे दुमडून हाडाच्या टोकावर आणतात आणि ताण न देता शिवतात. ताण आला तर कडा काळी पडते. धमनी आणि शीर वेगवेगळ्या बांधतात, मोठ्या धमनीला दोन गाठी देतात. नस हलकेच खाली ओढून धारदार पात्याने कापतात आणि वर सरकू देतात. कापलेल्या प्रत्येक नसेच्या टोकाशी गाठ होतेच. ती स्नायूंत खोल राहिली तर त्रास देत नाही, व्रणात अडकली तर प्रत्येक पावलाला वीज चमकल्यासारखी कळ येते.

गुडघ्यावरच्या शस्त्रक्रियेत मांडीचं हाड सांध्याच्या सुमारे १२ सेंटिमीटर वर कापतात, म्हणजे कृत्रिम गुडघ्याला जागा मिळते आणि दोन्ही गुडघे एका उंचीवर येतात. मांडी आत ओढणारा स्नायू हाडाला भोक पाडून पक्का बांधावा लागतो. तसं केलं नाही तर मांडी बाहेर फाकते आणि माणूस झुलत चालतो.

ओल्या गँगरीनमध्ये हे सगळं एका बैठकीत करणं धोक्याचं. आधी घोट्याजवळ सरळ कापून जंतूंचा साठा काढून टाकतात, जखम उघडीच ठेवतात. तीन ते पाच दिवसांनी ताप आणि सूज उतरल्यावर व्यवस्थित स्टंप घडवतात. घरच्यांना वाटतं की पहिली शस्त्रक्रिया फसली. तसं नाही, दोन टप्पे आधीच ठरलेले असतात आणि त्यातून पुष्कळदा गुडघा वाचतो.

लहान मुलांत शक्य तिथे सांध्यातून काढणं पसंत करतात. हाड मध्ये कापलं तर ते वाढत राहतं आणि टोक कातडी फोडून बाहेर येऊ शकतं.

काढलेला भाग जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून नष्ट करायला जातो. कुटुंबाला तो दहनासाठी किंवा दफनासाठी हवा असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी तसं सांगावं. नंतर सांगून उपयोग होत नाही.

पहिले दोन महिने

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही प्रेमापोटी. दुखतंय म्हणून गुडघ्याखाली उशी देतात. दोन-तीन आठवड्यांत गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि कष्टाने वाचवलेला सांधा कृत्रिम पायासाठी निकामी होतो. उशी देऊ नये. खुर्चीत बसताना स्टंपखाली फळी ठेवून गुडघा सरळ ठेवावा. मांडीतून पाय काढला असेल तर दिवसातून दोन-तीन वेळा, २० ते ३० मिनिटं, पालथं झोपावं, म्हणजे खुब्याचा सांधा आखडत नाही.

पट्टी बांधायची पद्धत नर्सकडून हाताने करून शिकून घ्यावी. गुडघ्याखालच्या स्टंपला चार इंची, मांडीच्या स्टंपला सहा इंची क्रेप पट्टी लागते. वेढे तिरके, इंग्रजी आठच्या आकारात. टोकाशी घट्ट, वर जाताना सैल. गोल गोल वेढे दिले तर ते दोरीसारखे आवळतात आणि टोक फुगून भोपळ्यासारखं होतं. असा स्टंप सॉकेटमध्ये शिरत नाही. पट्टी दर चार ते सहा तासांनी सोडून नव्याने बांधावी.

रात्री झोपेतून उठताना पाय नाही हे विसरून माणूस उभा राहायला जातो आणि थेट स्टंपवर पडतो. हे फार वेळा घडतं आणि शिवलेली जखम उघडते. वॉकर पलंगाला टेकवून ठेवावा, दिवा चालू ठेवावा, पहिले काही आठवडे कुणीतरी त्याच खोलीत झोपावं.

गेलेला पाय "आहे" असं वाटणं जवळजवळ प्रत्येकाला होतं. त्याची बोटं खाजतात, घोटा पिळवटतो. याला मनाचे खेळ म्हणून हसू नये. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा तशीच असते. अमेरिकन डॉक्टर सायलस वीअर मिचेल यांनी १८७१ मध्ये या जाणिवेला 'फँटम' हे नाव दिलं. वेदना असेल तर गॅबापेंटिन, अॅमिट्रिप्टिलीन यांसारखी नसांवरची औषधं देतात, साध्या वेदनाशामक गोळ्या तिथे फारशा चालत नाहीत. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवून चांगल्या पायाचं प्रतिबिंब हलताना पाहण्याचा व्यायाम व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात पुढे आणला. रोज १५-२० मिनिटं केल्यास काहींना बराच आराम पडतो, आणि खर्च आरशापुरता. मात्र आधी नसलेली वेदना स्टंपमध्येच नव्याने सुरू झाली तर जंतुसंसर्ग, नसेची गाठ किंवा हाडाचं टोक तपासायला हवं.

कृत्रिम पाय

टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी निघतात, मधुमेहात आणखी उशिरा. सूज उतरून माप घ्यायला बहुधा सहा ते आठ आठवडे लागतात. गुडघ्याखालच्या कृत्रिम पायात वजन स्टंपच्या टोकावर येत नाही. ते वाटीखालच्या स्नायुबंधावर आणि नडगीच्या बाजूंवर तोललं जातं. म्हणून पायाचं नशीब ठरतं ते सॉकेटवर, पावलाच्या किमतीवर नव्हे. महागडं पाऊल आणि बोचणारं सॉकेट यापेक्षा साधं पाऊल आणि नीट बसलेलं सॉकेट कितीतरी बरं.

आपल्या जमिनीवर बसायच्या, अनवाणी वावरायच्या जगण्याला साजेसं पाऊल १९६८ मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलं. रबराच्या या पावलावर बूट न घालता चालता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, चिखलातही जाता येतं. १९७५ पासून जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे पाय मोफत बसवते. महाराष्ट्रात पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र आणि मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही ठिकाणं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र अनेक सवलतींसाठी लागतं. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज जखम भरत असतानाच तयार ठेवावा.

पहिलं सॉकेट कायमचं नसतं. सहा महिने ते वर्षभर स्टंप बारीक होत जातो. आधी मोज्याचे थर वाढवून भागतं, मग नवं सॉकेट लागतं. सुरुवातीला पाय थोडाच वेळ घालून काढावा आणि कातडी पाहावी. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. राहिली, किंवा फोड आला, तर पाय घालणं थांबवून केंद्रात जावं, कापूस भरून दामटू नये. स्टंप रात्री धुवावा. सकाळी धुतला तर ओलसर, किंचित फुगलेली कातडी सॉकेटमध्ये घासते.

मधुमेही रुग्णाच्या दुसऱ्या पायावर आता दुप्पट भार आहे, आणि त्याच्याही रक्तवाहिन्या तशाच आजारी आहेत. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही रुग्णांपैकी सुमारे निम्मे पाच वर्षांत दगावतात, बहुधा हृदयविकाराने. त्यामुळे साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांच्याकडे पाय गेल्यानंतर जास्त लक्ष द्यायचं असतं. दुसरा तळवा रोज संध्याकाळी उजेडात, वाकता येत नसेल तर आरशात किंवा घरच्या माणसाकडून पाहून घ्यावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. कुरूप ब्लेडने घरी कापू नये, त्यावर अॅसिडचे पट्टे लावू नयेत. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा.

अपघातात अवयव तुटून पडला तर

आधी माणूस, मग अवयव. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून रक्त थांबवावं. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने हलकेच धुवावा, घासू नये. सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि पिशवीचं तोंड बंद करावं. ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवावी. अवयव थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात आणि जोडण्यासारखं काही उरत नाही. बोटांत स्नायू नसतात, म्हणून नीट थंड ठेवलेलं बोट २४ तासांपर्यंतही जोडता येऊ शकतं. मनगटाच्या किंवा घोट्याच्या वरचा भाग मात्र थंड न ठेवल्यास सहा तासांत हातचा जातो. रुग्णालयात निघतानाच फोन करून तिथे सूक्ष्मशल्यक्रिया करणारा प्लास्टिक सर्जन आहे का ते विचारावं, म्हणजे दोन दवाखान्यांच्या फेऱ्यांत हे तास जाणार नाहीत.